अस्सल, नक्कल आणि विजेची धूळ

नाशिकच्या जुन्या सीबीएसजवळ कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास थोडा वेळ उभे राहून पाहा. एकीकडे जिल्हा न्यायालय, जवळच जिल्हाधिकारी कचेरी आणि या दोघांच्या आधाराने वाढलेली झेरॉक्सची दुकाने. कुणाच्या हातात सातबाराचा उतारा असतो, कुणाच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला, कुणाकडे जातीचे प्रमाणपत्र. ‘दादा, याच्या दोन काढा, पाठपोट’ एवढेच बोलणे होते. यंत्राचा दिवा सरकतो, गरम कागद बाहेर येतो आणि माणूस पुढच्या खिडकीकडे धावतो.

इथून आठ-दहा किलोमीटरवर, नाशिकरोडला, याच्या नेमका उलटा उद्योग चालतो. तिथल्या भारत प्रतिभूती मुद्रणालयात टपाल तिकिटे, मुद्रांक, पारपत्रे छापली जातात. शेजारच्या चलार्थ पत्र मुद्रणालयात नोटा. तिथे छापल्या जाणाऱ्या प्रत्येक कागदाची पहिली अट अशी, की त्याची नक्कल कुणाला करता येता कामा नये. एकाच शहरात हजारो हात नकला काढण्यात गुंतलेले आणि हजारो हात नक्कल होणार नाही असा कागद घडवण्यात गुंतलेले.

या दोन उद्योगांमध्ये एक धागा आहे. तो आहे विजेचा, पण तारेतून वाहणाऱ्या विजेचा नव्हे. एका जागी बसून राहणाऱ्या विजेचा. कोरड्या केसांतून फिरवलेला प्लॅस्टिकचा कंगवा कागदाचे कपटे उचलतो, हा खेळ आपण सर्वांनी लहानपणी केला आहे. एखाद्या पृष्ठभागावर असा विद्युतभार हवा तिथेच बसवला, म्हणजे त्याने जणू अदृश्य अक्षरे लिहिली आणि वर बारीक भुकटी टाकली, तर काय होईल? भुकटीचे कण आपण होऊन त्या अक्षरांवर जाऊन बसतील. कल्पना एवढीच आहे. या कल्पनेने नक्कल घरोघर पोचवली आणि आज तीच कल्पना नक्कल रोखण्याच्या कामी येऊ पाहते आहे. तिचा अडीचशे वर्षांचा प्रवास पाहण्यासारखा आहे.

प्रवास सुरू होतो जर्मनीतल्या गॉटिंगेन या विद्यापीठाच्या गावी, १७७७ साली. तिथे गेओर्ग क्रिस्टोफ लिश्टेनबेर्ग नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. इटलीच्या व्होल्टाने दोनच वर्षांपूर्वी विद्युतभार साठवण्याचे एक साधे साधन लोकांपुढे आणले होते: राळेची एक चकती आणि तिच्यावर ठेवायचे धातूचे झाकण. लिश्टेनबेर्ग यांनी तेच साधन फार मोठे, जवळजवळ सहा फूट व्यासाचे करून घेतले. राळेची चकती घासून गुळगुळीत करताना खोलीभर राळेची धूळ उडाली. पुढे बरेच दिवस ती जिथे तिथे बसत राहिली. प्राध्यापकांच्या लक्षात आले, की चकतीवर ही धूळ सारखी पसरत नाही. जिथे ठिणगी पडून गेली होती, तिथे ती चांदण्यांच्या, फांद्यांच्या आकारात बसते आहे. झटकून पुन्हा भुकटी टाकली, तर तीच चित्रे पुन्हा उमटतात.

दुसरा कुणी असता तर धूळ पुसून मोकळा झाला असता. लिश्टेनबेर्ग यांनी ती चित्रे चिकट कागदावर दाबून उचलून घेतली आणि जपून ठेवली. धन भाराची चित्रे फांद्या फुटल्यासारखी येतात आणि ऋण भाराची गोलसर, हेही त्यांनी नोंदवले. भाराने बनलेली आकृती, तिच्यावर बसलेली भुकटी आणि भुकटी उचलणारा कागद, झेरॉक्सचे तिन्ही भाग त्या खोलीत हजर होते. फक्त त्यांचा उपयोग काय, हे कुणाला सुचले नव्हते.

पुढे या प्रयोगासाठी जी भुकटी वापरात आली, ती आपल्या ओळखीची आहे. गंधक आणि शेंदूर! शेंदूर म्हणजे शिशाचे एक संयुग. मारुतीच्या मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या चढलेला तोच हा. गंधक आणि शेंदूर एकत्र करून फडक्यातून चाळले, की कण एकमेकांवर घासतात. गंधकावर ऋण भार येतो आणि शेंदरावर धन. विरुद्ध भार एकमेकांना ओढतात, हा नियम आपल्याला ठाऊक आहेच. म्हणून चकतीवर जिथे धन भार असेल तिथे पिवळे गंधक बसते आणि जिथे ऋण भार असेल तिथे तांबडा शेंदूर. न दिसणारी वीज दोन रंगांत डोळ्यांना दिसू लागते. शाळेच्या प्रयोगशाळांतून हा प्रयोग अनेक वर्षे दाखवला गेला. लोक पाहत, कौतुक करत आणि घरी जात. असे दीडशे वर्षे चालले.

या दीडशे वर्षांत कागदांची संख्या मात्र वाढत होती आणि नक्कल करणे हे माणसाच्या हाताचेच काम राहिले होते. आपल्याकडच्या कचेऱ्यांत नक्कल करणारे कारकून असत. मूळ कागद समोर ठेवून ते अक्षर न्‌ अक्षर उतरवून घेत, दुसरा ताडून पाही आणि मग ‘खरी नक्कल’ असा शिक्का पडे. टंकलेखन यंत्र आले, कार्बन कागद आला, तरी जुन्या कागदाची नक्कल हवी असेल तर तो पुन्हा टंकित करावा लागे. त्यात चूक राहण्याची भीती असे आणि वेळ तर जाईच. नक्कल हवी असणाऱ्याने अर्ज करायचा आणि वाट पाहायची, हा शिरस्ता होता. स्वतःच्याच जमिनीचा कागद हाती यायला दुसऱ्याच्या मर्जीवर राहावे लागे.

हाच त्रास अमेरिकेत एका माणसाला होत होता. चेस्टर कार्लसन त्याचे नाव. जन्म १९०६ चा, घरची गरिबी टोकाची. वडील क्षयाने आणि संधिवाताने अंथरुणाला खिळलेले, आई क्षयाने गेलेली. शाळकरी वयापासून त्याने काम करून घर चालवले. भौतिकशास्त्राची पदवी घेतली ती १९३० साली, ऐन मंदीत. अखेर न्यूयॉर्कमधल्या एका विद्युत कंपनीत पेटंट विभागात नोकरी मिळाली. तिथे दिवसभर पेटंटच्या कागदांच्या आणि आकृत्यांच्या नकला लागत. छायाचित्र काढायचे तर खर्च फार, हाताने उतरवायचे तर वडिलांसारखाच संधिवात त्याच्याही हाडांत शिरू लागलेला. कागद पुढे ठेवावा आणि तिथल्या तिथे नक्कल हाती यावी, असे यंत्र का असू नये, हा विचार त्याच्या डोक्यात बसला.

छायाचित्रणाच्या रसायनांवर मोठमोठ्या कंपन्या काम करत होत्या, म्हणून त्याने ती वाट सोडली. संध्याकाळी सार्वजनिक ग्रंथालयात बसून तो विजेवरचे लेख वाचू लागला. तिथे त्याला हंगेरीचे पाल सेलेन्यी यांचे काम सापडले. सेलेन्यी विद्युतभारित कणांच्या झोताने न वाहणाऱ्या पृष्ठभागावर आकृत्या काढत आणि भुकटी टाकून त्या उमटवत. लिश्टेनबेर्ग यांची धूळ पुन्हा जागी झाली होती. कार्लसनने त्यात एक गोष्ट जोडली, ती म्हणजे प्रकाश. काही पदार्थ अंधारात वीज वाहू देत नाहीत, पण उजेड पडला की वाहू देतात. अशा पदार्थाच्या थराला अंधारात सगळीकडे भार द्यायचा आणि मग त्याच्यावर कागदाची प्रकाशप्रतिमा पाडायची. कोऱ्या जागेवरून उजेड येईल, तिथला भार निघून जाईल. काळ्या अक्षराच्या सावलीत मात्र तो टिकून राहील. म्हणजे अक्षर विजेने लिहिले गेले. आता फक्त भुकटी टाकायची!

२२ ऑक्टोबर १९३८. न्यूयॉर्कच्या अॅस्टोरिया भागातली भाड्याची एक खोली. मदतीला ऑटो कॉर्नेई नावाचा, ऑस्ट्रियातून आलेला भौतिकशास्त्रज्ञ. जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर दिलेला. खोलीत अंधार करून तो थर सुती हातरुमालाने घासला. काचेच्या पट्टीवर शाईने तारीख आणि ‘अॅस्टोरिया’ हा शब्द लिहिला, ती पट्टी थरावर ठेवून काही सेकंद प्रखर दिवा लावला. पट्टी उचलली आणि एका वनस्पतीच्या बीजाणूंची अगदी बारीक भुकटी वर शिंपडली. फुंकर मारली. सुटी भुकटी उडून गेली आणि मागे अक्षरे राहिली. मेणकागद दाबून ती उचलून घेतली. जगातली पहिली झेरॉक्स ती. त्यातही गंधक होतेच.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण कार्लसनचे खरे हाल इथून पुढे सुरू झाले. वीसहून अधिक कंपन्यांनी त्याला परत पाठवले. कार्बन कागद असताना असले यंत्र घेणार कोण, हा त्यांचा सवाल. पेटंट मिळाले १९४२ साली, पण पैसा लावणारा मिळेना. कॉर्नेई दुसरी नोकरी धरून गेला. संसारही मोडला. १९४४ मध्ये ओहायोतल्या बॅटेल या संशोधन संस्थेने काम हाती घेतले आणि त्यानंतर रॉचेस्टरच्या हॅलॉइड या छायाचित्रणाचा कागद बनवणाऱ्या लहानशा कंपनीने हक्क घेतले. गंधकाच्या जागी सेलेनियम आले. ग्रीक भाषेतून ‘कोरडे लेखन’ या अर्थाचा ‘झेरोग्राफी’ हा शब्द घेतला गेला. १९५९ मध्ये ‘९१४’ नावाचे यंत्र बाजारात आले, तेव्हा पहिल्या प्रयोगाला एकवीस वर्षे होत आली होती. वजन जवळजवळ तीनशे किलो, मिनिटाला सात प्रती आणि कधी कधी कागद पेट घेई, म्हणून सोबत आग विझवण्याचे साधनही देत! तरी मागणी पुरवता पुरवता कंपनीची दमछाक झाली. हॅलॉइडचे नाव बदलून झेरॉक्स झाले. कार्लसन अतिशय श्रीमंत झाला आणि १९६८ साली मरण्यापूर्वी त्याने सुमारे दहा कोटी डॉलर दान करून टाकले.

आपल्या नाक्यावरच्या यंत्रात आजही हेच घडते. आतल्या गोल नळकांड्याला भार दिला जातो, उजेड पडतो, विजेची अक्षरे तयार होतात. मग त्यांच्यावर काळी पूड येऊन बसते. या पुडीला आपण टोनर म्हणतो. ती म्हणजे रंग मिसळलेल्या प्लॅस्टिकचे कण, काही हजारांश मिलिमीटर जाडीचे. कागदाला मागून विरुद्ध भार देऊन ती पूड कागदावर ओढून घेतात आणि गरम रुळाखालून नेऊन वितळवून पक्की करतात. म्हणून झेरॉक्स हातात येते तेव्हा ती गरम असते. जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत अक्षरे पुसट येतात, कागद अडकतात, दुकानदार वैतागतो. त्याचे कारणही हेच. ओलावा आला की कागदावरचा भार टिकत नाही, तो गळून जातो. संगणकाला जोडलेला लेसर प्रिंटरही या यंत्राचाच भाऊ. फरक एवढाच, की तिथे भाराची अक्षरे लेसरचा किरण लिहितो.

भारतात १९८३ साली मोदी झेरॉक्स ही कंपनी उत्तर प्रदेशात रामपूर येथे सुरू झाली. त्यानंतर यंत्र कुठल्याही कंपनीचे असो, मराठीत त्याला झेरॉक्सच म्हटले जाऊ लागले आणि प्रतीलाही झेरॉक्सच. तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर, तहसील कचेरीसमोर एक यंत्र आणि एक माणूस एवढ्या भांडवलावर दुकाने उभी राहिली. या दुकानांनी जे केले, त्याची नोंद इतिहासात व्हायला हवी. नक्कल मिळवण्यासाठी अर्ज करून वाट पाहणारा माणूस, मूळ कागद एकदा हाती आला, की रुपया-दोन रुपयांत स्वतःची प्रत ठेवू लागला. विद्यार्थ्यांच्या वह्या, संघटनांची पत्रके, निवाड्यांच्या प्रती, जुने दस्त, सगळे हातोहात फिरू लागले. एका कागदावर कुणा एकाची सत्ता राहिली नाही. मूळ कागद गहाळ झाला म्हणून सांगणाऱ्यासमोर आपली झेरॉक्स काढून ठेवता येणे, यात सामान्य माणसाचे केवढे बळ आहे, हे कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवणाऱ्यालाच कळेल.

पण नाण्याला दुसरी बाजू असते आणि नाशिककरांना ती सांगायला नको. ज्याला दाखल्याची नक्कल सहज काढता येते, त्याच्या मनात नोटेची नक्कल काढण्याचा विचार यायला वेळ लागत नाही.

नोट आणि नक्कल यांची झुंज जुनी आहे. आपल्याकडे १८६१ च्या कायद्यानंतर सरकारी नोटा निघाल्या, त्या व्हिक्टोरिया राणीच्या चित्राच्या. बनावट नोटांचा सुळसुळाट झाल्याने काही वर्षांतच, १८६७ मध्ये, ती मालिका मागे घेऊन नवी आणावी लागली. तेव्हा नोटा छापून येत त्या इंग्लंडहून. पुढे टपाल तिकिटांची आणि मुद्रांकांची छपाई नाशिकला आली आणि १९२८ साली नोटांचा छापखानाही इथे सुरू झाला. १९३२ पर्यंत भारताच्या सर्व किमतींच्या नोटा नाशिकला छापल्या जाऊ लागल्या. आज देशात नोटांचे चार छापखाने आहेत. नाशिक आणि देवास येथील दोन सरकारी महामंडळाचे, म्हैसूर आणि सालबोनी येथील दोन रिझर्व्ह बँकेच्या कंपनीचे. पण पहिला मान नाशिकचा.

या छापखान्यांची जुनी शस्त्रे म्हणजे कागदातला जलचिन्हाचा आकार, बोटाला जाणवणारी उठावदार छपाई, नजरेला न पेलणाऱ्या बारीक रेषा. ही शस्त्रे हाताने नक्कल करणाऱ्या कारागिराविरुद्ध घडवलेली होती. झेरॉक्सला कारागिरी लागत नाही. ती रेषा किती कठीण आहे हे पाहत नाही, उजेड आणि सावली एवढेच पाहते. रंगीत झेरॉक्स यंत्रे आली, तेव्हा जगभरच्या बँका चपापल्या. अमेरिकेने १९९० च्या मालिकेपासून डॉलरच्या नोटेत सुरक्षा धागा आणि अतिसूक्ष्म अक्षरे घातली. आपल्याकडे १९९६ मध्ये महात्मा गांधी मालिकेच्या नोटा आल्या. नक्कल काढण्याचे तंत्र पुढे गेल्याने जुनी सुरक्षा चिन्हे अपुरी पडू लागली म्हणून ही मालिका आणली, असे कारण रिझर्व्ह बँकेनेच दिले आहे. नोव्हेंबर २००० पासून हजार आणि पाचशेच्या नोटांवर रंग बदलणारी शाई आली. नोट तिरपी केली की आकड्याचा रंग बदलतो. झेरॉक्सला हा रंग पकडता येत नाही, कारण ती एका क्षणाचा, एका कोनातला उजेड टिपते. अनेक देशांच्या नोटांवर पाच लहान वर्तुळांची एक खूण असते. ती दिसली की रंगीत झेरॉक्स यंत्र प्रत काढायलाच नकार देते.

नक्कल रोखण्याचे काम एकट्या शाईचे नसते, हा धडाही नाशिकने कडू अनुभवातून घेतला आहे. देशभर गाजलेल्या बनावट मुद्रांक प्रकरणात नाशिकच्या मुद्रणालयाने मोडीत काढलेली यंत्रे गुन्हेगारांच्या हाती लागल्याचे निघाले. तिथे झेरॉक्सची गरजच पडली नाही. अस्सल यंत्रावर छापलेली नक्कल ओळखायची कशी? हा प्रश्न मनात ठेवून आता पुन्हा त्या धुळीकडे वळू.

झेरॉक्सची पूड बारीक असली, तरी शास्त्रज्ञांच्या दृष्टीने ती जाडीभरडीच. नॅनोकण म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या हिशेबात मोजायचे कण. टोनरच्या एका कणाच्या व्यासावर असे शेकडो कण ओळीने बसतील. सोन्याचे, चांदीचे, अर्धवाहकांचे असे कण बनवणे विसाव्या शतकाच्या अखेरीस पुष्कळ सोपे झाले. अडचण होती ती त्यांना हव्या त्या जागी बसवण्याची. एवढ्या लहान कणाला चिमट्यात धरणार कसे? एकेक उचलून ठेवायचा म्हटले, तर जन्म पुरणार नाही. मग लिश्टेनबेर्ग यांची वाट उरते: आपण जागा आखून द्यायची, कणांनी आपण होऊन येऊन बसायचे.

जागा आखायला भार टिकवून धरणारा पदार्थ हवा. जपानच्या मोतोतारो एगुची यांनी १९२० च्या सुमारास मेण आणि राळ यांचे मिश्रण विजेच्या दाबाखाली गोठवून दाखवले, की अशा पदार्थात भार दीर्घ काळ मुरून राहतो. चुंबकाला इंग्रजीत मॅग्नेट, तसे याला इलेक्ट्रेट हे नाव पडले. हा पदार्थ आपल्या नित्य सोबतीला आहे. १९६२ साली सेसलर आणि वेस्ट या दोघांनी त्यापासून लहानसा मायक्रोफोन बनवला आणि तो पुढे टेलिफोनात, टेपरेकॉर्डरमध्ये जाऊन बसला. २०२० च्या करोना साथीत आपण एन-९५ मुखपट्टी लावत होतो, तिच्या धाग्यांतही असाच मुरलेला भार असतो. हवेतले सूक्ष्म कण तो ओढून धरतो.

२००१ मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात हायको जेकब्ज आणि जॉर्ज व्हाइटसाइड्स यांनी या दोन गोष्टी एकत्र आणल्या. दुकानांच्या पाट्यांसाठी आपण ज्याला अॅक्रिलिक म्हणतो, त्याच जातीच्या प्लॅस्टिकचा अतिशय पातळ थर त्यांनी घेतला. रबरासारख्या मऊ पदार्थाचा शिक्का बनवला, त्याच्यावर सोन्याचा मुलामा दिला आणि तो थरावर टेकवून वीज सोडली. शिक्क्याचा उंचवटा जिथे टेकला, तिथे भार उतरला. चौरस सेंटिमीटरभर जागेवर वीस सेकंदांच्या आत विजेचे नक्षीकाम तयार! त्यातल्या रेषा मिलिमीटरच्या काही दशसहस्रांश जाडीच्या. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये स्टेमर यांच्या गटाने शिक्क्याऐवजी अतिसूक्ष्म सुईच्या टोकाने भार लिहिला आणि त्याच्यावर वाळूच्या जातीचे सूक्ष्म कण बसवले. या तंत्राला नॅनोझेरोग्राफी म्हणतात. कार्लसनच्या खोलीतला शब्द असा पुन्हा जन्माला आला.

मोठ्या कणांचे नियम लहानांना तसेच्या तसे लागत नाहीत. एवढ्या लहान कणाला द्रवातले रेणू सारखे धक्के देत असतात. तो एका जागी ठरत नाही. पाण्यात मीठ असेल, तर त्यातले भारित घटक पृष्ठभागावरच्या भाराभोवती गर्दी करून त्याला झाकून टाकतात आणि दूरच्या कणाला त्याची ओढच लागत नाही. म्हणून कोणता द्रव घ्यायचा, कण किती दाट ठेवायचे, हे फार विचाराने ठरवावे लागते. पावसाळ्यात झेरॉक्सवाल्याला जो त्रास होतो, त्याचेच हे धाकटे भावंड.

या शास्त्रात महाराष्ट्र मागे नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात मुरली शास्त्री आणि त्यांचे सहकारी सोन्या-चांदीचे नॅनोकण विद्युतभाराच्या ओढीने बसवण्याचे काम करत होते. पाण्यावर तेलाचा तवंग पसरतो, तसा स्निग्ध रेणूंचा एकच थर पसरायचा. त्या रेणूंच्या पाण्यातल्या टोकांवर धन भार असतो. पाण्यातल्या चांदीच्या कणांवर ऋण भार. कण खालून वर येतात आणि थराला बिलगतात. पाण्याचा आम्लपणा कमी-जास्त केला, की भार कमी-जास्त होतो आणि किती कण बसायचे ते ठरवता येते. हीच युक्ती त्यांनी प्रथिने आणि डीएनए यांच्यासाठीही वापरली. या सगळ्या कामाचा आढावा शास्त्री, माला राव आणि कृष्ण गणेश यांनी २००२ साली एका मान्यवर आंतरराष्ट्रीय नियतकालिकात घेतला. तिथे अक्षरे लिहिलेली नव्हती, सगळा थर एकाच भाराचा होता, पण तत्त्व तेच: ढकलायचे नाही, उचलायचे नाही, विरुद्ध भाराला बोलवायचे.

आता आपला मघाचा प्रश्न. फ्रान्समधल्या तुलूझ शहरात लॉरेन्स रेसिए यांच्या गटाने २०१३-१४ च्या सुमारास नॅनोझेरोग्राफीने काही सूक्ष्म खुणा बनवल्या. त्यात वापरलेले नॅनोकण साध्या उजेडात दिसत नाहीत. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण पडला, की ते रंगीत प्रकाश देतात. हे कण विजेने आखलेल्या आकृतीवर थरावर थर रचून बसवले. उद्देश एकच, अस्सल वस्तू ओळखता यावी आणि बनावट पकडता यावी. ज्या तत्त्वाने नक्कल काढणे पोरखेळ झाले, त्याच तत्त्वाला आता अस्सलाच्या दारात पहाऱ्यावर बसवण्याची ही खटपट आहे.

यापुढेही एक पाऊल आहे. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीत रविकांत पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट दाखवली. पारदर्शक चिकट पदार्थात काचेचे बारीक मणी कसेही विखरून गोठू द्यायचे. त्यातून लेसर सोडला, की प्रकाशाचे जे ठिपके उमटतात ते त्या एका तुकड्याचेच असतात. दुसरा तसाच तुकडा कुणालाच बनवता येत नाही, अगदी बनवणाऱ्यालाही नाही, कारण मणी कसे पडले हे त्याने ठरवलेलेच नसते. अस्सल यंत्र चोराच्या हाती लागले तरी असा तुकडा पुन्हा निघत नाही.

इथे मला लिश्टेनबेर्ग यांच्या चकतीची आठवण होते. ठिणगी पुन्हा पाडली की फांद्या नव्याने फुटत आणि त्या कधीच आधीसारख्या नसत. झेरॉक्सच्या कारखानदारांनी सगळा जन्म याच बेशिस्तीशी झगडण्यात घालवला; कोऱ्या कागदावर भलतीकडे पडलेला काळा ठिपका हा त्यांचा शत्रू. आणि आता अस्सलपणाची खात्री कुठे शोधायची, तर त्याच भलतीकडे पडलेल्या ठिपक्यात! हुबेहूब तेच पुन्हा करता येणे ही नकलेची ताकद, तर तेच पुन्हा कधीच न होणे ही अस्सलाची.

यातला एक उद्योग चांगला आणि दुसरा वाईट, असे मात्र म्हणता येत नाही. गरीब माणसाच्या कागदाला नक्कल हवी, म्हणजे त्याचा हक्क कुणी एका कपाटात कोंडून ठेवणार नाही. त्याच माणसाच्या खिशातली नोट मात्र नक्कल न होणारीच हवी, म्हणजे त्याच्या घामाची किंमत राहील. सीबीएसच्या झेरॉक्सवाल्याची गरज त्याला आहे आणि नाशिकरोडच्या छापखान्याचीही. एका शहराने ही दोन्ही कामे सांभाळली आहेत. पुढच्या वेळी गरम झेरॉक्स हातात घ्याल, तेव्हा खिशातली नोटही एकदा उजेडात धरून तिरपी करून पाहा. अडीचशे वर्षांपूर्वी एका प्राध्यापकाने न झटकलेली धूळ या दोन्ही कागदांच्या गोष्टीत आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)